लेव्हलकाकांची ठिकरी

लेव्हलकाका हे नाव त्यांना त्यांच्या हाताखालच्या मजुरांनी दिलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी एक डोळा मिटून जमिनीकडे बघायचे आणि म्हणायचे, "त्या कोपऱ्यात दोन सुतांनी उतार चुकलाय." चूक पाव इंचाची, पण घरमालकाचा चहा तिथेच कडू व्हायचा. एका लग्नाच्या बोलणीत तर त्यांनी मुलाच्या घरची जमीन पोकळ वाजते म्हणून सांगितलं होतं. ती सोयरीक मोडली, आणि जिची मोडली ती मेहुणी मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

स्वतःच्या घरातली फरशी त्यांनी कामावरून उरलेल्या तुकड्यांची केली होती. एकाला एक रंग जुळत नव्हता, पण सांधे असे बसवले होते, की नख फिरवलं तर अडकायचं नाही. मधोमध पांढऱ्या संगमरवराचे नऊ तुकडे होते. त्यावर लिंबू पडलं, औषध सांडलं, की घरात आकांत. बायको म्हणायची, "या घरात आधी फरशी राहते, मग आम्ही."

ती बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, शाळेत शिकवायची आणि रोज संध्याकाळी डोकावून जायची. धाकटा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. त्याचा रविवारी फोन यायचा. तब्येत कशी, गोळ्या घेता का, ठेवतो. दोन मिनिटांवर फोन कधी गेला नाही. काका न चुकता विचारायचे, "सूनबाई बऱ्या आहेत ना?" तो म्हणायचा, "हो, बरी आहे."

काकांचे गुडघे कामातून गेले होते. जमिनीवर बसायचं तर भिंत धरावी लागे, उठायचं तर देव आठवावा लागे. तरी एका जुन्या मजुरानं, जो आता स्वतः कंत्राटं घ्यायचा, त्यांना एका अर्धवट इमारतीत न्हाणीघराचा उतार बघायला बोलावलं, आणि ते गेले. तिथे जिन्याखाली एक कुत्री व्यायली होती. चार दिवसांपूर्वी ती ट्रकखाली सापडली. तीन पिल्लं कुणीकुणी नेली होती, चौथं तिथेच वाळूत कण्हत पडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याखालची जागा विटांनी बंद व्हायची होती.

काकांनी बराच वेळ त्या पिल्लाकडे पाहिलं. मग थाप्या आणि दोऱ्या ठेवायच्या पिशवीत त्याला घातलं.

"दोन दिवस ठेवतो," ते लेकीला म्हणाले. "कुणी घेतलं तर देऊन टाकीन."

लेकीनं पिल्लू उचलून बघितलं. मादी होती. मातकट रंगाची, एका कानावर पांढरा चट्टा. "ही तर फुटक्या फरशीची ठिकरी दिसते," ती हसून म्हणाली. आणि ठिकरीच नाव पडलं. नाव पडल्यावर दोन दिवसांचं काय होतं, ते सगळ्यांना माहीत असतं.

पहिल्याच सकाळी संगमरवरावर तळं होतं. काकांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली, ठिकरीची मान धरून नाक त्या ओल्यात घासलं आणि दोन फटके दिले. "हे काय? हे काय केलंस? घर आहे हे!" दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवसापासून मात्र तळं दिसेना. काका लेकीसमोर ताठ होऊन म्हणाले, "चार दिवसांत सरळ केली. लाडानं काही होत नसतं."

आठवड्यानं घरात वास येऊ लागला. काका नाक वर करून घरभर फिरले. शेवटी भिंत धरून गुडघ्यांवर बसले आणि कपाटामागे बॅटरी मारली. तिथे सगळं होतं. वाळलेलं, ओलं, आठ दिवसांचं. पलंगाखालीही होतं. फरशीवर पिवळे डाग उमटले होते. आणि ठिकरी दाराच्या कोपऱ्यात पोट जमिनीला टेकवून थरथरत होती.

"लबाड," काका म्हणाले. "एवढीशी जात, आणि लबाडी बघा."

मग ते तिला दोरी बांधून बाहेर न्यायला लागले. रस्त्याच्या टोकाला एक मोकळी जागा होती, तिथे तास तास उभे राहायचे. ती दोरीच्या टोकाला बसून राहायची, त्यांच्याकडे बघत. काही करायची नाही. घरी आलं, दोरी सोडली, की पाच मिनिटांत कपाटामागे. काकांना वाटलं, हिला आतून काही दुखणं असेल. म्हणून एके दिवशी पिशवीत घालून ते तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, काकांच्या लेकीपेक्षाही लहान. त्यांनी ठिकरीचं पोट चाचपलं, कान बघितले, ताप मोजला.

"हिला काही झालेलं नाही. घरात घाण करते तेव्हा तुम्ही काय करता, काका?"

"करायचं तेच. दोन फटके. कागदाचे, लागत नाहीत."

"नाक घासता?"

"घासतो. त्याशिवाय कळणार कसं?"

बाई रागावल्या नाहीत. ठिकरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तिला कळलंय, काका. पण तुम्हाला वाटतं ते नाही. घरात करायचं नाही, हे तिला कळलेलंच नाही. तिला एवढंच कळलंय, की तुमच्यासमोर करायचं नाही. आता तुम्ही तिला बाहेर नेता आणि समोर उभे राहता. ती कशी करणार?"

काकांनी ठिकरीकडे पाहिलं.

"ती लबाड नाही. ती घाबरते आणि लपवते. जेवली, झोपून उठली, खेळली, की लगेच बाहेर न्या. बाहेर केलं, की तिथल्या तिथे शाबासकी द्या. घरी येऊन दिलेली शाबासकी तिला कळत नाही."

"आणि घरात झालं तर?"

"तर गुपचूप पुसून टाका. तिला न्यायला तुम्हाला उशीर झाला, एवढाच त्याचा अर्थ."

काका पिशवी छातीशी धरून घरी निघाले. सरळ चालत राहिले असते, तर दहा मिनिटांत पोचले असते. पण वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसले, आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोनतीनदा तरी. काकांना वाटायचं, हा आळस आहे. कुशीवरून उठायचा कंटाळा. मारलं, दटावलं, संध्याकाळनंतर पाणी बंद केलं. मग एके सकाळी त्यांनी ओली चादर त्याच्या खांद्यावर टाकली आणि सगळ्या बिऱ्हाडांची मुलं खेळत होती त्या सामाईक गच्चीवर त्याला स्वतःच्या हातानं ती वाळत घालायला लावली. "लाज वाटली की बंद होईल," ते बायकोला म्हणाले होते. पोरं हसली. त्यानंतरही पंधरावीस वेळा त्यांनी तसंच केलं. शेवटी चादर ओली होणं बंद झालं, तेव्हा ते मित्रांना सांगायचे, माझा उपाय रामबाण ठरला.

आता पायरीवर बसून ते मागचं आठवू लागले. मुलगा गणितात नापास झाला होता, ते त्यांना शेजाऱ्याकडून कळलं. कॉलेज बदललं, ते वर्षभरानं. लग्न ठरवलं, ते लेकीकडून. त्यांना नेहमी वाटायचं, पोरगं आतल्या गाठीचं आहे, कुणावर गेलंय कोण जाणे.

त्या संध्याकाळी लेक आली तेव्हा त्यांनी चहाचा कप तिच्या हातात द्यायच्या आधीच विचारलं, "तुझा भाऊ चादर ओली करायचा, आठवतं?"

लेकीनं कप घेतला. "आज काय हे मधेच?"

"ते बंद कधी झालं?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"कधी झालं?"

लेकीनं ठिकरीला मांडीवर घेतलं. "तुम्हाला दिसायचं बंद झालं तेव्हा झालं नव्हतं. तो चादर गुंडाळून नुसत्या जमिनीवर झोपायला लागला. जमीन पुसता येते म्हणून. आई तुमच्या आधी उठून पुसायची. कधी मी पुसायचे. तो बारा वर्षांचा होईपर्यंत."

काकांनी संगमरवराकडे पाहिलं. आपल्याच घरात, आपल्याच फरशीवर तीन वर्षं हे चाललं होतं, आणि जगातल्या जमिनींचे दोन सुतांचे उतार ओळखणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"अजून काय आहे, जे मला माहीत नाही?" ते म्हणाले.

लेक खिडकीबाहेर बघत राहिली. मग ते तिच्याकडून निसटलंच. "तुम्ही दर रविवारी त्याला बायकोचं विचारता ना, ते विचारत जाऊ नका."

"का?"

"ती त्याला सोडून गेली. अडीच वर्षं झाली."

"तुझ्या आईला..."

"आईला माहीत होतं. ती महिनाभर त्याच्याकडे राहून आली नव्हती का? तुम्हाला सांगितलं होतं, हवापालट म्हणून."

काकांना तो महिना आठवला. घरी परत आलेल्या बायकोवर ते चिडले होते, की इथे मी डब्याचं खातोय आणि तू मुलाकडे हवा खात बसलीस. ती काही बोलली नव्हती. बोलली असती, तर मुलाचा विश्वास गेला असता. म्हणून नवऱ्याची बोलणी तिनं मुकाट्यानं गिळली, आणि ती तशीच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी ठिकरीला नव्यानं शिकवायला घेतलं. खाल्लं की बाहेर, उठली की बाहेर. गुडघे ओरडायचे, पण दिवसातून आठ वेळा ते जिना उतरायचे. मोकळ्या जागेत गेलं, की दोरी सैल सोडायचे आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे. समोरच्या भिंतीकडे बघत, हात मागे बांधून. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, भिंतीची लेव्हल बघताय काय?" काका मान हलवायचे. पहिले पाच दिवस काही झालं नाही. घरात झालं की ते न बोलता फडकं घ्यायचे. ठिकरी लांबून बघायची, फटका पडेल म्हणून अंग चोरायची. फटका पडायचा नाही, म्हणून आणखीच घाबरायची.

सहाव्या दिवशी पाठीमागे बारीक आवाज झाला. काका वळले. ठिकरी ओल्या मातीवर उभी होती आणि त्यांच्याकडे बघत होती, आता काय होतंय या धास्तीनं.

तिथल्या तिथे शाबासकी द्या, बाई म्हणाल्या होत्या. पण काकांना शब्दच सापडेना. आयुष्यभर उत्तम काम बघितलं, तरी त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा. तोच निघाला.

"चालेल," ते म्हणाले. मग घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "चालेल हं. चालेल."

ठिकरीची शेपटी एकदा हलली.

दीड महिन्यात ती शिकली. पाय दारावर आपटून सांगू लागली. एक मात्र राहिलं. काका सकाळी वर्तमानपत्र उघडायचे, तर कागदाचा आवाज आला की ती पलंगाखाली जायची. त्यांनी पेपर बंद केला. पेपर टाकणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे गेले.

रविवारचे फोन चालूच होते. काकांनी सूनबाईंचं विचारणं सोडलं. पहिल्या रविवारी त्यांनी ते विचारलं नाही, तेव्हा तिकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बरं, ठेवतो."

चार महिन्यांनी मुलगा कचेरीच्या कामासाठी दोन दिवस आला. अडतीस वर्षांचा, कानशिलांवर पांढरा झालेला. त्यानं बॅग दारात ठेवली, चपला काढून सरळ रांगेत लावल्या आणि खुर्चीवर टेकला. ठिकरी त्याला हुंगत फिरली.

"कुत्रं? या घरात?" तो म्हणाला.

"आहे," काका म्हणाले. एवढंच.

दुपारी काका दूध आणायला खाली गेले. परत आले तेव्हा दार अर्धवट लोटलेलं होतं. आत बघितलं, तर मुलगा जमिनीवर ओणवा होऊन संगमरवर पुसत होता. घाईघाईनं, खसाखसा. नवा माणूस आला म्हणून की काय, ठिकरीच्या हातून घडलं होतं. ती त्याच्या पायाशी बसली होती. मुलानं तिला एका हातानं मागे, खुर्चीखाली ढकललं, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं.

"पाणी सांडलं," तो उभा राहत म्हणाला. "माझ्या हातून. ग्लास कलंडला."

टेबलावर ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

काकांच्या हातात दुधाची पिशवी होती. त्यांनी ती जपून ओट्यावर ठेवली. मग भिंत धरून, एक एक गुडघा वाकवत, ते जमिनीवर बसले.

"मी मारत नाही तिला," ते म्हणाले. "आधी मारायचो. आता नाही मारत."

मुलगा फडकं हातात धरून उभा होता. "मी कुठे काय म्हणालो?"

"पाणी नव्हतं ते."

"बाबा, उठा. गार आहे जमीन."

"गच्चीवर तुला न्यायचो, ती चादर घेऊन..."

"मला नाही आठवत," मुलगा म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"मला आठवतं. मी चुकलो. तू लहान होतास. तुझ्या हातात नव्हतं ते, आणि मी..." असल्या वाक्यांची त्यांना सवय नव्हती. पुढचं ते भलत्याच टोकानं बोलून गेले. "सूनबाई गेल्याचं मला कळलंय."

मुलाचा चेहरा मिटला. डोळ्यांदेखत दार लावून घ्यावं, तसा.

"ताईनं सांगितलं?"

"तिच्यावर रागावू नकोस. मीच विचारलं."

"मी तिला सांगू नको म्हटलं होतं." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एवढं एक मागितलं होतं."

"अरे, मी बाप आहे तुझा. मला काय..."

"म्हणूनच," मुलगा म्हणाला.

मग त्यानं फडकं धुतलं, पिळलं, वाळत टाकलं आणि काकांना बगलेत हात घालून उठवलं. तेही नीट, न दुखवता. संध्याकाळी कचेरीतल्या लोकांबरोबर जेवायचंय म्हणून बाहेर पडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी असताना सकाळच्याच गाडीनं गेला. जाताना ठिकरीच्या डोक्यावर बराच वेळ हात फिरवत होता. काका जवळच उभे होते. त्यांना म्हणाला, "गोळ्या घ्या वेळेवर."

"बोललात त्याच्याशी?" लेकीनं विचारलं.

"बोललो."

"काय म्हणाला?"

"आठवत नाही म्हणाला."

भाऊ लेकीशी त्यानंतर दोन महिने बोलला नाही. तेही काकांच्याच खात्यावर जमा झालं. माफी मागायला गेले, आणि बहीण-भावातलं होतं नव्हतं तेवढं सूतही तोडून आले, असं त्यांना वाटे. बायको असती तर तिनं सांभाळून घेतलं असतं. पण आयुष्यभर तिनंच सांभाळून घेतलं, म्हणून तर हे असं झालं.

रविवारचा फोन मात्र तो करत राहिला. पूर्वीसारखाच, दोन मिनिटांचा. कधी ठिकरीचं विचारायचा. ती जरा लंगडत होती, तेव्हा त्यानं दोन रविवार लागोपाठ विचारलं. काका तिचं सगळं साग्रसंगीत सांगायचे, कारण दुसरं काही विचारायची त्यांची छाती नव्हती.

वर्ष उलटून गेलं. एका मंगळवारी भर दुपारी फोन वाजला. मुलाचा. मंगळवारी तो कधी करायचा नाही.

"बाबा, मला कावीळ झाली होती," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला. "दवाखान्यात होतो. रविवारचे फोनही तिथूनच केले. काल घरी आलो. आता बरा आहे."

काकांच्या जिभेवर सगळं एकदम आलं. किती दिवस होतास? कोण होतं जवळ? मला का नाही कळवलंस, मी मेलो होतो काय? शब्द अगदी दातांपर्यंत आले. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"सांगितलंस," ते म्हणाले. "बरं केलंस, बाळा."

फोन चालू होता. मुलाचा श्वास ऐकू येत होता.

"ठेवतो," मुलगा म्हणाला. "दमायला होतं अजून."

"ठेव. झोप."

संध्याकाळी लेक आली, तेव्हा काकांनी तिला दारातच सांगितलं, "तुझ्या भावाला कावीळ झाली होती. त्याचा फोन होता."

लेकीनं पर्स खाली ठेवली. "मला माहीत आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "पंधरा दिवस झाले. मी जाऊनही आले एकदा, शाळेची सहल म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. त्यानं नको म्हटलं होतं सांगायला."

काका खुर्चीत बसले. पंधरा दिवस. त्या सहलीला जाताना त्यांनी लेकीला स्वतःची छत्री दिली होती.

"असू दे," ते म्हणाले. "मला त्यानं सांगितलं."